बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ या संख्येत काय काय दडलंय?

वाड्यातली_मांजर (शनिवार, रात्री ९.१०)

मंडळी, मदत हवी आहे. चिरंजीव आठवीत आहेत. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट त्यांनी कुठेतरी वाचली. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरायची आणि राजाचं कोठार रिकामं करायचं. एकूण दाणे २^६४ − १, इथपर्यंत गाडी आपली आपण आली. नेमका आकडा हवा म्हणून मी ऐटीत एक्सेल उघडलं. बँकेत सतरा वर्षं हेच करते आहे. सूत्र टाकलं, उत्तर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००.

कार्टं म्हणतं, "आई, हे चूक आहे. २ चा कुठलाही घात शून्यावर संपतच नाही. त्यातून एक वजा केल्यावर तर आकडा विषम यायला हवा."

मी गप्प. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरने तर १.८४ च्या पुढे काहीतरी लिहून हातच वर केले. तर प्रश्न दोन. खरा आकडा काय? आणि "खूप मोठा" यापलीकडे त्या आकड्यात काही गंमत आहे का? शाळेच्या प्रकल्पाला चार पानं भरायची आहेत.

सेगफॉल्ट (शनिवार, रात्री ९.३५)

चिरंजीवांना माझा सलाम. एक्सेल १५ अंकांपर्यंतच प्रामाणिक असतं, पुढे शून्यं चिकटवून मोकळं होतं. आणि तो "−१" तर आधीच गिळलेला आहे. आत संख्या ज्या पद्धतीने साठवतात त्यात २^६४ च्या अलीकडची मांडता येणारी संख्या २०४८ ने लहान असते. म्हणजे एक सोडा, १००० वजा केले तरी उत्तर ढिम्म हलणार नाही. करून बघा.

खरा आकडा : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. वीस अंकी.

आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यात हा आकडा पाठ असतो, आणि तो दिसला की पोटात गोळा येतो. संगणकातल्या ६४ बिटांच्या (एक बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) खणात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या, म्हणजे ओळीने ६४ एक. हिच्यात एक मिळवला की खण पुन्हा शून्यावर. उलट शून्यातून एक वजा केला की हा राक्षस उभा राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शेवटापासून शून्यापर्यंत उलटं मोजणारं एक लूप लिहिलं होतं, मोजायला घेतला होता चिन्ह नसलेला आकडा. शून्याच्या खाली तो जाणारच नव्हता, तो गेला थेट एक परार्धाच्या पार. सर्व्हर रात्रभर फिरत बसला. सकाळी लॉगमध्ये १८४४६७४४०७३७०९५५१६१५ बघितला आणि चहा तसाच राहिला.

खडू_फळा (शनिवार, रात्री १०.०५)

ताई, मुलाला यंत्राकडे पाठवू नका. वही आणि पेन्सिल घ्या. चार वेळा वर्ग करायचा, बस.

१६ चा वर्ग २५६. २५६ चा वर्ग ६५५३६. ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. आता शेवटचा. एवढ्या मोठ्या संख्येचा वर्ग करताना ती मधोमध तोडा, ४२९४९ आणि ६७२९६. मग आपलं जुनं (अ + ब)² :

४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१
दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६

पहिल्यापुढे दहा शून्यं, दुसऱ्यापुढे पाच, तिसरा तसाच. बेरीज करा, १८४४६७४४०७३७०९५५१६१६ येते. एक वजा करा, झालं. अल् बिरूनीने हजार वर्षांपूर्वी पटाचा हा हिशेब मांडला तो असाच, वर्गावर वर्ग करत.

बेरीज २^६४ − १ च का? पटाबाहेर एक जादा दाणा ठेवा. तो आणि पहिल्या घरातला मिळून २. ते आणि दुसऱ्या घरातले मिळून ४. ते आणि तिसऱ्यातले मिळून ८. असं लोळत लोळत शेवटी २^६४. जादा दाणा परत घ्या.

दुसरा प्रश्न उद्या. डोळे दमले.

भुसार (शनिवार, रात्री १०.४०)

आम्ही आडत दुकानवाले. गणित काही कळत नाही पण गहू कळतो. मघाशी हजार दाणे मोजून वजनकाट्यावर टाकले (घरातली माणसं हसली). ४० ग्रॅमच्या आसपास भरले. ४० धरून हिशेब केला, पटाची एक एक आडवी ओळ घेऊन.

पहिली ओळ भरली : २५५ दाणे, १० ग्रॅम. चिमूट.
दुसरी : २.६ किलो. पिशवी.
तिसरी : ६७१ किलो. छोटा हत्ती.
चौथी : १७२ टन. ५० किलोची ३,४०० वर पोती. हमाल दोन दिवस राबणार.

इथं अर्धा पट झाला. राजा अजून हसतोय, कारण १७२ टन गहू म्हणजे राजाला काय.

पाचवी : ४४,००० टन. मालगाडीचा एक रेक २,६०० टनाचा धरला तर सतरा रेक.
सहावी : एक कोटी साडेबारा लाख टन. अख्ख्या भारताच्या वर्षाच्या गव्हाचा दहावा हिस्सा.
सातवी : २८८ कोटी टन. जगभरातला साडेतीन वर्षांचा गहू.
आठवी : ७३,८०० कोटी टन. सगळ्या जगाने नऊशे वर्षं नुसता गहू पिकवायचा आणि कुणी खायचा नाही.

प्रत्येक ओळीला आकडा आधीच्या २५६ पट होतो. एवढं एकच गणित मला कळलं.

शंकासूर (शनिवार, रात्री ११.१५)

भुसारशेठ, एक नंबर. बाकी गोष्ट बनावट असणार हे उघड आहे. सातव्या ओळीला कुठल्या राजाच्या हमालांनी दाणे मोजले?

खडू_फळा (रविवार, सकाळी ७.२०)

बनावटच. बुद्धिबळ भारतातलं, पण गोष्ट आपल्याला लिहिलेली सापडते ती अरबी ग्रंथांत. इब्न खल्लिकान तेराव्या शतकात सांगतो, त्यात मागणाऱ्या शहाण्याचं नाव सिस्सा. गोष्ट खोटी असली तरी उत्तर बरोबर आहे, आणि बऱ्याच गोष्टींबाबत हे उलट असतं.

बनावट गोष्टींचा विषय निघालाच आहे तर आणखी एक, हीच संख्या असलेली. काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवतात, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, आणि सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगबुडी. हे कोडं एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आणलं, तेही स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून घेतलेल्या टोपणनावाने. काशीची कथा त्या खेळण्याची सजावट. तीन चकत्यांना ७ चाली लागतात, चारांना १५, आणि ६४ ना बरोबर आपली संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,४०० कोटी वर्षांहून जास्त. विश्वाचं वय १,३८० कोटी.

अनुष्टुभ (रविवार, सकाळी ८.०२)

ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे पुजाऱ्यांना १३५ कल्प लागतील. आपल्या पुराणांत हा काळ सहज बसतो, त्यांना घाई नाही.

ताई, प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आकडा अक्षरी लिहा. लीलावतीत भास्कराचार्यांनी स्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत, परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. त्याप्रमाणे वाचायचं तर : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, शून्य निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, शून्य कोटी, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५.

परार्धाचं स्थान एकच, आणि आपल्याकडे १८४ आहेत. थोडक्यात, भास्कराचार्यांची यादी सुद्धा या दाण्यांना दोन घरं कमी पडली.

सेगफॉल्ट (रविवार, सकाळी ९.३०)

"७ जलधी ४ शंकू" हे मी उद्या कोड रिव्ह्यूमध्ये लिहिणार आहे.

खडू_फळा (रविवार, सकाळी ११.००)

आता गंमतीकडे. पोहे खाऊन बसलोय, त्यामुळे लांबेल.

एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे म्हटलं की माणूस घाबरतो. पण ही संख्या कांद्यासारखी आहे. तुमच्या चिरंजीवांना अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) येत असणार. २^६४ हा २^३२ चा वर्ग, आणि १ हा १ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

डावा कंस पुन्हा तसाच सोला. (२^१६ − १)(२^१६ + १). पुन्हा डावा. असं करत खाली २ − १ पर्यंत या, तो तर एकच. हातात उरतात सगळे "+१" वाले :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वीस अंकी संख्या, सहा सोलपं, आणि कुठेही भागाकार नाही. ३ ने भाग जातो हे अंकांच्या बेरजेवरूनही दिसेल, ८७ येते. ५ तर शेवटचाच अंक. पण १७ आणि २५७ नुसत्या नजरेला कधी दिसले असते?

आता बघा, पहिले पाच मूळ आहेत. सहावा?

शंकासूर (रविवार, सकाळी ११.१२)

सर, तुम्ही मुद्दाम थांबलात ना. वर्गात पण असंच करत असणार.

खडू_फळा (रविवार, सकाळी ११.२०)

३४ वर्षं केलं.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचंही इथेच चुकलं. १६४० च्या सुमारास त्याने हे २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ बघितले, पाचही मूळ निघाले, आणि पुढचे सगळे मूळच असणार असं त्याला वाटलं. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने मान्य केलं होतं. नव्वद वर्षं हे तसंच राहिलं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं :

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

लोकांना वाटतं ऑयलरने शेकडो भागाकार केले असतील. त्याने आधी डोकं चालवलं. या संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्तच असली पाहिजे, हे सिद्ध होतं. मग यादी किती छोटी होते बघा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ नसलेल्या खोडा. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला मासा गळाला. फर्माला हा नियम आणि पाच भागाकार इतकंच कमी पडलं.

आणि भागाकारसुद्धा न करता दाखवतो. ६४१ ला दोन प्रकारे लिहा :

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४

६४१ ने भागून उरणाऱ्या बाकीचाच विचार करायचा. १२८ म्हणजे २^७, म्हणून पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. दोन्हींचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी +१. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. संपलं. ही सिद्धता मी निवृत्तीच्या दिवशी फळ्यावर लिहून आलो होतो, भाषण टाळायला.

वाड्यातली_मांजर (रविवार, दुपारी १२.४५)

सर, मी हे दोनदा वाचलं, चिरंजीवांनी एकदाच. त्यांना समजलं. मला ती "बाकी −१" अजून बोचते आहे. बँकेत बाकी उणे असली तर आम्ही पत्र पाठवतो.

त्यांचा प्रश्न : मग ६७००४१७ मूळ आहे कशावरून? तोही फुटत असेल तर?

टोरांटोचा_गारठा (रविवार, दुपारी १.३०)

इकडे मध्यरात्र उलटून गेलीये पण हा धागा सोडवेना.

छान प्रश्न. ६७००४१७ चा कुठलाही अवयव हा मूळच्या संख्येचाही अवयव, म्हणून त्यालाही तोच नियम. लुकाने (तोच, काशीवाला!) तो नियम आणखी घट्ट केला, ६४ ऐवजी १२८ ची पट अधिक एक. वर्गमूळ साधारण २५८८, त्याच्या आत अशा मूळ संख्या फक्त पाच : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. म्हणजे मूळ. वहीवर दहा मिनिटांचं काम.

तर आपल्या दाण्यांचे पूर्ण अवयव :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. म्हणून विभाजक २^७ = १२८. दोनाची बाधा विभाजकांनाही झाली आहे.

आता माझी आवडती गोष्ट. ६४१ आणि ६७००४१७ बाजूला ठेवा. उरलेले पाच, ३, ५, १७, २५७, ६५५३७, हे भूमितीत येतात. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कुठल्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात? त्रिकोण, पंचकोन, पंधरा बाजूंची आकृती ग्रीकांना येत होती. सात बाजूंची येत नव्हती. दोन हजार वर्षं तिथेच अडकलं होतं. १७९६ मध्ये गाउसने १७ बाजूंची काढता येते हे दाखवलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता. नियम असा निघाला : बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या (वर सरांनी दिलेल्या २^१ + १, २^२ + १, २^४ + १ या साच्यातल्या) वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार हवी. याशिवाय दुसरी चालत नाही हे वांत्झेलने १८३७ मध्ये पक्कं केलं.

फर्माच्या मूळ संख्या आजतागायत या पाचच सापडल्या आहेत. पाचांतून निवडून ३१ गुणाकार होतात, त्यातला सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५. आता हा आकडा भुसारशेठच्या यादीत शोधा. चौथ्या ओळीअखेरचे दाणे! अर्धा पट भरला की जेवढे दाणे होतात, तेवढ्या बाजूंची आकृती पट्टी-कंपासने काढता येते. निदान तत्त्वतः.

हेर्मेस नावाच्या एका जर्मन गृहस्थाने ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. १८९४ मधलं ते बाड ग्यॉटिंगेनला पेटीत ठेवलेलं आहे. पूर्ण वाचायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही.

भुसार (रविवार, दुपारी २.१०)

माझ्या १७२ टन गव्हाचा बहुभुज झाला म्हणायचा. वामकुक्षी घेतो.

शंकासूर (रविवार, दुपारी ४.००)

माझं काम शंका काढणं, म्हणून. अवयव सोपे पडतात ते घात ६४ आहे म्हणून, सारखा अर्धा होतो. शेजारच्या संख्यांचं काय? २^६४ − १ च्या आसपास मूळ संख्या आहेत का?

टोरांटोचा_गारठा (रविवार, संध्या. ६.२०)

२^६४ च्या खाली सगळ्यात जवळची मूळ संख्या २^६४ − ५९. घातात तीन पायऱ्या खाली गेलात तर २^६१ − १ मूळ आहे, पेर्वुशिन या रशियन पाद्र्याने १८८३ मध्ये सिद्ध केलं. काशीचं खेळणं निघालं तेच वर्ष. त्या माणसाने हे हाताने केलं.

आणि नुसते दोन मिळवले, २^६४ + १, तर कांदा सोलायची सोय संपली. तिथे वर्गांची बेरीज आहे, वजाबाकी नाही. तिचे अवयव २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. लांद्रीने १८८० मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्याचं वय ८२ होतं.

खडू_फळा (रविवार, संध्या. ६.४५)

माझं ७४. अजून आठ वर्षं आहेत.

अनुष्टुभ (रविवार, रात्री ८.३०)

सकाळपासून हात शिवशिवतायत. वर्गावर वर्ग करण्याची ती युक्ती बिरूनीच्याही किती आधी पिंगलाच्या छंदःसूत्रात आहे. "द्विरर्धे, रूपे शून्यम्, द्विः शून्ये, तावदर्धे तद्गुणितम्." अर्धं करता येत असेल तर अर्धं करा, नाहीतर एक वजा करा. मग उलट फिरताना शून्यापाशी दुप्पट आणि अर्ध्यापाशी वर्ग. ६४ चं सहा वेळा अर्धं होतं, मग एकचं शून्य. परत येताना २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि आपला पट.

पिंगलाला हे हवं होतं वृत्तांसाठी. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. तीन अक्षरांचे आठ प्रकार, म्हणून आपले आठ गण, य म त र ज भ न स. ६४ अक्षरांची ओळ असेल तर प्रकार २^६४. सेगफॉल्टरावांचे ६४ बिट आणि माझी ६४ अक्षरं एकच. त्यांचे "ओळीने ६४ एक" म्हणजे माझ्याकडे सगळी अक्षरं एकाच जातीची. अशी ओळ म्हणून बघा, दम लागेल.

पण मुख्य सांगायचंय ते वेगळंच. हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलावर टीका लिहिताना मेरुप्रस्तार दिला. वर एक, खाली एक-एक, आणि पुढे प्रत्येक घरात डोक्यावरच्या दोन घरांची बेरीज. पास्कलचा त्रिकोण म्हणून शाळेत येतो तो. आता त्यात विषम आकडा असेल तिथे १ आणि सम असेल तिथे ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली) संख्या म्हणून वाचा :

१ → १
११ → ३
१०१ → ५
११११ → १५
१०००१ → १७
११००११ → ५१
१०१०१०१ → ८५
११११११११ → २५५

टोरांटोकर, ओळखीचे वाटतायत का?

टोरांटोचा_गारठा (रविवार, रात्री ८.५५)

अरे! पट्टी-कंपासवाले सगळे. क्रमाने!

अनुष्टुभ (रविवार, रात्री ९.०५)

पहिली ओळ सोडून पुढच्या ३१ ओळी म्हणजे तुमच्या ३१ आकृत्या, एकही कमी-जास्त नाही. आणि ६४वी ओळ? तिच्यात ६४ घरं, सगळी विषम. म्हणजे ओळीने ६४ एक. राजाचे दाणे.

सेगफॉल्ट (रविवार, रात्री ९.४०)

पटाची ६४ घरं आणि मेरूची ६४वी ओळ. आज झोप नाही.

मीही एक मूठ टाकतो. सम असेल तर निम्मं, विषम असेल तर तिप्पट अधिक एक, हा कोलाट्झचा खेळ माहीत असेल. आपल्या संख्येपासून सुरू करा. ओळीने ६४ वेळा "तिप्पट अधिक एक, मग निम्मं" असंच होत राहतं, एकदाही लागोपाठ दोनदा निम्मं होत नाही. ६४ फेऱ्यांनंतर पोचतो ३^६४ − १ वर, ३१ अंकी. दोनचा मनोरा तीनचा होतो. त्यानंतर घसरगुंडी सुरू.

शंकासूर (रविवार, रात्री १०.१५)

इतका वेळ कापरेकरांचं नाव कसं नाही निघालं? देवळालीचे शाळामास्तर, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्या संख्या : ४५ चा वर्ग २०२५, तोडा, २० + २५ = ४५. ९९ चा वर्ग ९८०१, ९८ + ०१ = ९९. नुसत्या नवांच्या सगळ्याच संख्या अशा असतात. आता द्विमान पद्धतीत नवाची जागा एक घेतो. आपली संख्या नुसत्या एकांची. म्हणजे ती त्या पद्धतीत कापरेकर संख्या असायला हवी. कुणी तपासणार का? मी फक्त शंका काढतो.

खडू_फळा (रविवार, रात्री १०.४०)

तपासली. वर्ग केला तर (२^६४ − २) × २^६४ + १ येतो. मधोमध तोडला की डावीकडे २^६४ − २, उजवीकडे १. बेरीज २^६४ − १. बरोबर आहे. शंकासुरा, आयुष्यात पहिल्यांदा शंकेऐवजी उत्तर दिलंस.

वाड्यातली_मांजर (बुधवार, रात्री ९.५०)

सगळ्यांचे आभार, आणि ताजा अहवाल.

चार पानांचा प्रकल्प अकरा पानांचा झाला. वर्गाची बेरीज सरांच्या पद्धतीने वहीत केली आहे. मध्ये एकदा हातचा चुकला आणि उत्तर समऐवजी विषम आलं, ते त्यानेच पकडलं. भुसारशेठ, तुमच्या ओळी तशाच्या तशा घेतल्यात, "छोटा हत्ती" सकट.

मेरुप्रस्तार मात्र आलेख-कागदावर रंगवायला घेतला. आकडे लिहायचे नाहीत, वरची दोन घरं वेगळी असतील तर काळं, सारखी असतील तर पांढरं, ही युक्ती त्याला स्वतःलाच सुचली. ६४ ओळी करायच्या होत्या. एका कागदावर मावेना, म्हणून तीन कागद डिंकाने जोडले. जेवणाचं टेबल रविवारपासून त्यांच्या ताब्यात आहे, आम्ही जमिनीवर जेवतो.

काल रात्री बत्तिसावी ओळ पूर्ण झाली, सगळी काळी. मग तेहेतिसावी. दोन टोकांना दोन काळी घरं आणि मध्ये एकतीस पांढरी. मी म्हटलं, बघ, ही किती सोपी गेली. तो पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला.

"आई, ही २^३२ + १ आहे. ही काढता येत नाही. हिच्यातच तो ६४१ बसलाय."

भुसार (बुधवार, रात्री १०.०५)

ताई, पोराला दुकानावर पाठवा एकदा. हजार दाणे मी मोजले होते, दहा हजार त्याच्याकडून मोजून घेतो.